कुंडलिकेचं सकाळचं पाणी

कोलाड, डिसेंबर. शनिवार, रात्र.

उद्या सकाळी पाणी सुटणार आहे. पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांचे दगड उघडे पडतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही खळाळते, कारण तिचं पाणी घाटमाथ्यावरून येतं. मुळशी धरणाचं पाणी पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणतात, तेही १९२७ पासून. वीज काढून झालेलं पाणी मग कुंडलिकेला मिळतं. या धरणात गावं आणि शेतं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. मुलांना लाटा दाखवायला आणलंच आहे, तर हेही सांगायला हवं.

सुट्टीत कयाकसाठी, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, छोट्या होडीसाठी, बेताची नदी शोधणारा माणूस आधी ग्रेड विचारतो, म्हणजे पाणी किती अवघड त्याचा आकडा. आमच्या मते आधी पाणी विचारावं. कधी सुटतं, किती वेळ टिकतं, उद्या नक्की सुटणार का? विजेची मागणी कमी असली तर वेळ बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करून घ्यायची. साजे गावाजवळून सुरू होणारा टप्पा साधारण १२ ते १४ किलोमीटरचा आहे. पाणी ओसरायच्या आत तो संपवायचा, नाहीतर शेवटी होडी दगडांवरून ओढत न्यावी लागते. पाण्याच्या पहिल्या लोंढ्यासोबतही निघू नये. त्यात पाचोळा आणि फांद्या येतात. पातळी स्थिर होऊ द्यायची.

आता ग्रेड. कुंडलिकेला २ ते ३ म्हणतात, आणि ते खरं आहे. पण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा राफ्ट असते. मोठी फुगवलेली राफ्ट, मागे गाईड, सहा-आठ जणांची वल्ही: ग्रेड ३ ची लाट ती सहज ओलांडते. त्याच लाटेवर एकट्याच्या कयाकला वेळेवर वळावं लागतं, आणि उलटलीच तर रोल (आत बसूनच होडी पुन्हा सुलटी करणं) यावा लागतो. रोल पक्का नसेल तर ग्रेड २ पर्यंतच थांबावं किंवा वरून उघडी, फुगवायची कयाक घ्यावी. तीत अडकायला काही नसतं. पडलात तर पोहत येऊन पुन्हा चढता येतं.

म्हणून ग्रेडपेक्षा नेमका प्रश्न असा: सगळ्यात अवघड रॅपिडच्या, म्हणजे खळाळत्या उताराच्या, खाली काय आहे? खाली संथ डोह असेल तर चूक झाली तरी निभावते. एकाला लागून दुसरा रॅपिड असेल तर पोहणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळत नाही. मध्येच बाहेर पडून रस्त्याला लागता येतं का, तेही विचारावं. वाटेत बंधारा असेल तर त्याच्या अलीकडेच काठावर उतरायचं. बंधाऱ्याखालचं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला आत धरून ठेवतं. वरून ते अगदी साधं दिसतं, म्हणूनच घात होतो.

बंद कयाकमध्ये बसणाऱ्याने आधी साचलेल्या पाण्यात वेट एक्झिटचा, म्हणजे उलटलेल्या होडीतून बाहेर पडण्याचा, सराव करावा, निदान पाच-सहा वेळा. बसताना स्प्रे-स्कर्टचा, म्हणजे कंबरेभोवती बसून होडीचं तोंड बंद करणाऱ्या आवरणाचा, पुढचा पट्टा बाहेर राहिलाय ना, हे हाताने चाचपायचं. तो आत दुमडला गेला तर उलटल्यावर सापडत नाही. उलटल्यावर पुढे वाकायचं, पट्टा धरून आधी पुढे आणि मग वर ओढायचा, दोन्ही हात कंबरेजवळ कडेवर टेकवून होडी पायजम्यासारखी उतरवायची. घाबरलेला माणूस मागे रेलतो आणि तिथेच अडकतो.

उलटण्याची दोन नेहमीची कारणं. खडकामागच्या संथ, उलट्या पाण्यातून, म्हणजे एडीतून, धारेत शिरताना होडी सपाट ठेवली की धार वरच्या बाजूची कड धरते आणि क्षणात पालथी करते. ती कड उचलून प्रवाहाच्या दिशेला झुकायचं. दुसरं कारण खडक. होडी आडवी जाऊन खडकावर आदळणार असं दिसलं की अंग आपोआप उलट्या बाजूला झुकतं. तिथून पाणीच येत असतं, म्हणून होडी उलटते. खडकाकडे झुकावं, त्याला मिठी मारावी.

पाण्यात पडल्यावर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. गुडघाभर पाण्यातही धारेत उभं राहू नये. पाऊल दोन दगडांत अडकलं की पाणी माणसाला पुढे पाडतं. लाइफ जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावं. हनुवटीपर्यंत आलं तर पट्टे आवळायचे.

घरच्यांचं काय? १४ वर्षांखालच्या मुलांना राफ्टमध्ये सहसा घेत नाहीत, त्यामुळे कुणीतरी काठावर राहणारच. सकाळी कोरड्या दिसणाऱ्या पात्रातल्या दगडांवर मुलांना बसवू नये, ही आमची सगळ्यात कळकळीची सूचना. पाणी सुटलं की पातळी भराभर चढते आणि मधला दगड बेट होतो. बाकीच्यांनी त्याच टप्प्यावर राफ्ट घेतली तर उत्तम. कयाकवाल्याने तिच्या मागोमाग राहावं, म्हणजे मदतीला थ्रो-बॅग (पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी) जवळ असते.

ऋषिकेशला जाणाऱ्यांसाठी एवढंच: ब्रह्मपुरीपासूनचा साधारण ९ किलोमीटरचा टप्पा सौम्य, शिवपुरीपासूनचा १६ किलोमीटरचा जास्त उसळता. तिथे बर्फाचं पाणी आहे, थंडीत वेटसूट (अंग उबदार ठेवणारा घट्ट पोशाख) लागतोच. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं.

दुपारी पाणी उतरल्यावर मात्र सगळ्यांनी काठावरच्या उंच जागेवरून पात्र बघावं. सकाळी जिथे लाट उभी होती तिथे आता काळा खडक दिसतो, आणि त्याच्या खाली शांत पाण्याचा तुकडा.