टपावर पंख: जळगाव ते साक्रीचं पठार

मे महिन्यात खान्देशात प्रवास करायचा तर उन्हाच्या आधी निघावं लागतं. सकाळी सहाला जळगाव सोडलं तेव्हा पिकअपच्या टपावर एका रेसिंग कारचा मागचा पंख बांधलेला होता. इंजिनिअरिंगची पोरं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी गाडी बनवतात, तिचा हा पंख. एंडप्लेटची, म्हणजे पंखाच्या दोन्ही टोकांना असलेल्या उभ्या पाटीची, वरची कड सरळ असते, म्हणून पंख उलटा ठेवला की टपावर नीट बसतो. तसाच ठेवला होता.

एरंडोल येईपर्यंत दोर सैल झाले आणि टपावरून गुणगुण ऐकू यायला लागली. पंख वर उचलला जात होता. रेसिंग कारचा पंख म्हणजे विमानाचा पंख पालथा घातलेला. फुगीर बाजू खाली, म्हणून तो गाडीला जमिनीकडे दाबतो. तो उलटा बांधला की पुन्हा विमानाचाच झाला. हिशोब सोपा आहे: ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, मेच्या गरम हवेची घनता साधारण १.१ किलो प्रति घनमीटर. त्यावरून समोरून आपटणाऱ्या हवेचा दाब सुमारे १५० पास्कल. पंखाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा उचल-गुणांक (त्याचा आकार किती जोर काढतो याचा आकडा) १.२ चौरस मीटर धरला तर वर ओढ १८ किलोंची. पंखाचं वजन साडेसहा किलो. चहाच्या टपरीपाशी पंख सुलटा केला, पुढची धार मागे फिरवली, चारही बाजूंनी ताडपत्री आवळली. गुणगुण थांबली.

पण एवढ्याशा गाडीला एवढा मोठा पंख कशाला? कारण ती जागा नियमांनी मोकळी सोडली आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत चालकाच्या डोक्यामागच्या आधारापासून मागे पंख जमिनीपासून १.२ मीटर उंचीच्या आत हवा. मागच्या टायरच्या मागे २५० मिमीपेक्षा जास्त जायचं नाही. ५०० मिमीच्या वर असलेला भाग मागच्या टायरच्या आतल्या कडेबाहेर डोकावता कामा नये. ही झाली एक अदृश्य पेटी. हवेने सांगितलं, जितका फुगीर तितका चांगला. नियमाने सांगितलं, पेटीच्या आत. म्हणून बहुतेक गाड्यांचे पंख त्या पेटीत कोंबलेल्या तीन-चार पात्यांचे. नाक बोथट, कारण त्यात धक्का शोषणारा किमान २०० मिमी लांबीचा ठोकळा बसवावा लागतो. पंखाच्या पुढच्या आडव्या धारेला किमान ५ मिमी त्रिज्या, म्हणजे कुणाला लागलं तर कापणार नाही. एकाही पोराने ते नाक सुंदर दिसावं म्हणून तसं काढलेलं नाही.

पारोळ्याच्या अलीकडे कापसाचा ट्रक पुढे आला. भाव वाढेल म्हणून घरात राखलेला कापूस असणार. जाळी दोन्ही बाजूंनी फुगलेली. वरच्या कोपऱ्यातून कापसाचा एक पुंजका सुटला. तो आमच्याकडे उडत यायला हवा होता. तसं झालं नाही. ट्रकच्या पाठीमागे तो खाली वळला, गोल फिरला आणि परत फाळक्याला जाऊन चिकटला. मागोमाग दुसरा, तोही तसाच. चौकोनी पाठ हवेला एकदम तोडते, मागे कमी दाबाचा खड्डा पडतो, आणि तो खड्डा ट्रकला मागे ओढत राहतो. डिझेल त्यात जातं. रेसिंग कारच्या पंखामागेही असाच खड्डा असतो, फक्त तिथे तो गाडी खाली दाबण्याची किंमत म्हणून मुद्दाम मोजतात. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत मोंझाच्या ट्रॅकला सरळ रस्ते लांब, म्हणून पातळ पंख. मोनॅकोला वळणंच वळणं, म्हणून पोरांच्या पंखासारखे जाडजूड.

धुळ्यात वर्कशॉपमध्ये तासभर थांबलो. गाडीच्या पुढच्या पंखाचं काम चालू होतं: थर्माकोलसारखा निळा फोम गरम तारेने कापायचा, वर कार्बनचं कापड आणि इपॉक्सी, म्हणजे आवळून कडक होणारं रेझिन. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, पैसे वाचवायला इपॉक्सीऐवजी पॉलिस्टर रेझिन आणणं. त्यातलं स्टायरिन नावाचं रसायन फोम खातं. सकाळी बघावं तर कापडाखाली पोकळी. दुसरी चूक धुळ्याच्या उन्हाची. डब्यावर लिहिलेली रेझिन आवळायची मुदत २५ अंशांची असते, आणि दर १० अंशांना ती साधारण निम्मी होते. अर्ध्या तासाचं रेझिन ४२ अंशांत दहा मिनिटांत आवळतं. मगमध्ये जास्त कालवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. म्हणून थोडं थोडं कालवायचं, पसरट ताटात ओतायचं, आणि काम पहाटे पाचला सुरू करायचं. घाईत राहिलेली पोकळी तांत्रिक तपासणीत उघडी पडते: पंखावर २०० न्यूटन, म्हणजे वीसेक किलोंचा जोर देतात, आणि तो १० मिमीपेक्षा जास्त वाकला की गाडी बाहेर.

धुळ्याहून साक्रीचा रस्ता पांझरेच्या काठाने जातो. कुसुंबा, नेर. या नदीवर जुने दगडी बंधारे आहेत, फड पद्धतीचे: बंधाऱ्यातून पाट, पाटातून फड, म्हणजे शेतांचे गट, आणि कोणत्या फडाला कधी पाणी हे गावाने ठरवलेलं. पाटाचं तोंड अरुंद झालं की पाणी तिथे धावतं, हे इथल्या कुठल्याही पाटकऱ्याला माहीत. १९७७ साली फॉर्म्युला वनमध्ये लोटस ७८ या गाडीने आपल्या तळाखाली हेच केलं. बाजूच्या भागांचा तळ पालथ्या पंखासारखा वळवला; खालची हवा अरुंद जागेतून धावली, दाब उतरला, गाडी रस्त्याला चिकटली. कडेने बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून सरकते स्कर्ट लावले, बंधाऱ्याची भेग लिंपावी तसे. पुढच्या वर्षी लोटस ७९ वर मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला.

मग नियमवाले जागे झाले. १९८१ ला सरकते स्कर्ट बंद, तळाशी ६ सेंमी मोकळी जागा सक्तीची. पण ती मोजायची गाडी उभी असताना! ब्रॅभम संघाने असं सस्पेन्शन लावलं की वेगात गाडी खाली बसायची आणि तपासणीला उठून उभी राहायची. १९८३ ला तळ सपाटच केला. १९९४ ला इमोलाच्या ट्रॅकवरच्या दोन मृत्यूंनंतर तळाला १० मिमी जाडीची फळी आली. ती १ मिमीपेक्षा जास्त झिजली की बाद. त्याच वर्षी स्पाच्या ट्रॅकवर मायकेल शूमाकर त्यात जिंकलेली शर्यत गमावून बसला. २०२२ ला तळाचे बोगदे परत आले, तर गाड्या उसळ्या मारायला लागल्या: तळ रस्त्याला टेकत आला की हवा कोंडते, खालची ओढ सुटते, गाडी वर येते, पुन्हा ओढली जाते. २०२३ ला तळाची कड १५ मिमी वर घ्यायला लावली. पाणी वळवणारे आणि बांध घालणारे, दोघंही हुशार.

दिसायला सगळ्यात वाईट २०१४ च्या गाड्या, असं माझं स्पष्ट मत. नाकाचं टोक खाली आणायचा नियम सुरक्षेसाठी होता, पण हवा तर गाडीखाली जायला हवी. मग बहुतेकांनी टोकापुरतं एक बोट खाली लोंबवलं आणि बाकी नाक वरच ठेवलं. नियमही पाळला, हवाही गेली. लाज तेवढी राहिली नाही.

साक्री सोडून नंदुरबारच्या रस्त्याला लागलं की पठारावर पवनचक्क्या दिसायला लागतात. सगळ्या एकसारख्या: तीन पाती, बुंध्याशी पीळ जास्त, टोकाशी कमी. पात्याने किती उंच, किती रुंद असावं यावर दर वर्षी कुणी नवी पेटी आखत नाही, म्हणून त्यांचं रूप दर हंगामाला पालटत नाही.

पंख खाली उतरवला, दोन स्टुलांवर वाऱ्याच्या तोंडी बांधला. पाच-सहा सेंमीचे लोकरीचे धागे खालच्या बाजूला ओळीने चिकटवले. हातातल्या वातमापकावर सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किमी. मुख्य पात्यावरचे धागे सरळ, तिसऱ्या पात्यावरचे वेड्यासारखे गरगर. तिथे हवा पात्यापासून सुटत होती. दोन पात्यांमधली फट १८ मिमी निघाली. वॉशर काढून ती १० वर आणली. तरी शेवटच्या ओळीतले चार धागे ऐकेनात, म्हणून पात्याचा कोन ३ अंशांनी उतरवला. वाऱ्याचा झोत दिशा बदलायचा तेव्हा सगळं पुन्हा थांबून बघावं लागायचं. दहा सेकंद स्थिर वारा मिळाला की तेवढंच वाचन धरायचं.

मेंढ्या घेऊन चाललेले एक बाबा बराच वेळ बघत उभे होते. ‘‘हाई काय शे, भाऊ? इमानना पख शे का?’’

‘‘हो बाबा, पण पालथा.’’

त्यांनी एका धाग्याला बोट लावून पाहिलं, आणि मेंढ्यांमागे निघून गेले. आम्ही शेवटची ओळ पुन्हा चिकटवायला घेतली.