तुम्ही विचारलंत म्हणून: वापरात नसलेला कोड लिनक्सच्या कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) काढायचा कशाला?

"कुणी वापरतच नाही, तर पडून राहू द्या की. काढायची एवढी धडपड कशाला?" सोलापुरात लिनक्स शिकायला बसलेली अभियांत्रिकीची मुलं हे हमखास विचारतात. एखाद्या जुन्या ड्रायव्हरबद्दल असं म्हटलं तर चालून जाईल. युजर-ॲक्सेसच्या थरात, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतला डेटा कर्नल जिथे उचलतो आणि परत ठेवतो तिथे, ते चालत नाही.

प्रोग्रामने दिलेल्या पत्त्यावर कर्नलने विश्वास ठेवायचा नसतो. पत्ता युजरच्या हद्दीत आहे ना, एवढंच ॲक्सेस_ओके() हे फंक्शन बघतं. सेट_एफएस() हे दुसरं फंक्शन ही हद्दच तात्पुरती उठवायचं. नाव ३८६ प्रोसेसरच्या एफएस रजिस्टरवरून पडलं. त्या रजिस्टरचा उपयोग सुटला, नाव मात्र तसंच राहिलं. हद्द उठलेली असताना कर्नलमध्ये ऊप्स (आतली गंभीर चूक) झाला, तर प्रोसेस बंद होताना युजरने आधी देऊन ठेवलेल्या पत्त्यावर शून्य लिहिलं जायचं, मग तो पत्ता कर्नलचा का असेना. सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतली सीव्हीई-२०१०-४२५८ ती हीच. कर्नलच्या ५.१० आवृत्तीत (२०२०) एक्स८६वरून (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवरून) आणि ५.१८ मध्ये (२०२२) उरलेल्या आर्किटेक्चरवरून सेट_एफएस() गेलं. इतकी वर्षं लागली, कारण त्याला बोलावणारी प्रत्येक जागा आधी बदलावी लागली.

दुसरं उदाहरण आम्हाला जास्त बोलकं वाटतं. ॲक्सेस_ओके()चा पहिला आर्ग्युमेंट (फंक्शनला बोलावताना द्यायची माहिती) होता 'वाचायचंय की लिहायचंय'. मूळ ३८६ प्रोसेसर कर्नल मोडमध्ये मेमरीच्या पानाचं लेखन-संरक्षण मानतच नसे, म्हणून लिहिण्याआधी पानं तपासावी लागत. ४८६मध्ये डब्ल्यूपी बिट आला, तो कर्नललाही हे संरक्षण पाळायला लावतो. ३८६चा आधार ३.८ मध्ये (२०१३) काढला, तरी तो आर्ग्युमेंट ५.० पर्यंत (२०१९) सगळे इमानाने भरत राहिले. वाचणाऱ्याला वाटायचं, लिहिता येतं की नाही हे इथे तपासलं जातंय. त्याबद्दल तपासलं काहीच जात नव्हतं. निकामी कोड असा खोटा भरवसा देतो.

आता काढायचं कसं. वापरात नसलेलं फंक्शन कंपायलर दाखवेल या भरवशावर राहू नका: ग्लोबल फंक्शन दुसरी फाइल वापरत असेल म्हणून तो गप्प बसतो, आणि हेडरमधल्या स्टॅटिक इनलाइन फंक्शनबद्दल तर बोलतच नाही. सगळ्या कोडमध्ये नाव शोधणारं गिट ग्रेपही फसवतं. एक्स८६वर गेट_युजर() हा मॅक्रो असेंब्लीत '__गेट_युजर_' एवढंच नाव लिहितो. पुढचा १, २, ४ किंवा ८ हा आकडा कंपायलर भरतो. पूर्ण नावाने शोधलंत तर खरा वापर सापडणारच नाही. म्हणून अर्ध्या नावानेही शोधा, असेंब्लीच्या '.एस' फाइल्स बघा, दोन हॅश लावून नावं जोडणारे मॅक्रो बघा, मॉड्यूल्सना फंक्शन खुलं करणारं एक्सपोर्ट_सिम्बॉल बघा.

जकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या कार्डांच्या माळेतलं एक कार्ड काढलं, तर चादरीची नक्षी तिथल्या तिथे बिघडलेली दिसते. इथे तुमच्या लॅपटॉपवर सगळं बिल्ड होतं आणि मोडतं ते एस३९०वर (आयबीएमच्या मेनफ्रेमवर), जिथे युजर आणि कर्नलचे पत्ते वेगळ्या अवकाशात राहतात. त्यामुळे एक्स८६शिवाय निदान आर्म६४ आणि एस३९० यांच्यासाठीही आपल्याच लॅपटॉपवर बिल्ड (क्रॉस-कंपाइल) करा, ऑलमॉडकॉन्फिग (जमेल ते सगळं मॉड्यूल म्हणून) आणि ऑलनोकॉन्फिग (कमीत कमी) दोन्हींनी. एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारं हार्डवेअर) नसलेलं एखादं कॉन्फिगही घ्या. मे महिन्यात सोलापुरात पारा ४०च्या वर जातो. लॅपटॉप तापून मंद होतो, म्हणून ऑलमॉडकॉन्फिग रात्री लावा आणि मेकला द्यायचा 'जे'चा आकडा (एकावेळी किती कामं) कोअरपेक्षा कमी ठेवा. मधेच वीज गेली तर शून्य बाइटच्या '.ओ' (अर्धवट कंपाइल झालेल्या) फाइल्स उरू शकतात. त्या शोधून पुसा आणि मगच मेक पुन्हा चालवा. नाहीतर लिंक करताना येणाऱ्या चुकीचा दोष तुम्ही आपल्याच पॅचला द्याल.

एका पॅचमध्ये (पाठवायच्या एका बदलात) एकच फंक्शन काढा, आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे. नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा (चूक कुठल्या बदलाने आली ते शोधणारा) अडकतो. पॅचच्या संदेशात 'वापरात नाही' एवढंच लिहून भागत नाही. गिट लॉगला (बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या कमांडला) '-एस' हा कॅपिटल एसचा पर्याय आणि फंक्शनचं नाव द्या. शेवटचा वापर कुठल्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) गेला ते सापडेल. त्या कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक संदेशात घाला.