जिनिंगच्या काट्यावर एक्सपी

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमधून मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, काट्याचं कम्प्युटर गेलं. आजच या जी, बाहेर गाड्याच गाड्या लागल्या हायेत."

दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची आवक जोरात. ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली काट्यावर चढते, खाली करून परत चढते, दोन वजनांतला फरक म्हणजे माल. ही पावती छापणारं सॉफ्टवेअर कोणीतरी फार पूर्वी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेलं, आणि ते चालायचं फक्त विंडोज एक्सपीवर. लिहिणारा आता सापडत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये थांबवला, पण ही बातमी गावोगावच्या काट्यांपर्यंत पोचलेली नाही.

जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला होता, हार्ड डिस्क मात्र वाचता आली. ऑफिसात एक नवा संगणक होता, उबुंटू २२.०४ ही लिनक्सची आवृत्ती टाकलेला, हिशेबासाठी. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचं, माझ्याजवळचं एक्सपीचं तयार व्हर्च्युअल मशीन त्यात घ्यायचं, आत ते सॉफ्टवेअर बसवायचं, असं ठरवलं. एरवी तासाभराचं काम.

काट्याचा इंडिकेटर ठणठणीत होता. लाल आकडे दिसत होते, मुनीमजी ते रजिस्टरात उतरवून हाताने पावती देत होते. एक म्हातारे शेतकरी काही केल्या ती घेईनात.

"आकडा दिसते ना तुमाले?" मुनीमजी वैतागले.

"दिसते. पण कागदावर तुमी काय लिहान ते मले काय ठाऊक? छापून द्या, थांबतो मी."

मला ते चूक वाटले नाहीत. वर्षभराच्या कष्टाचं वजन दुसऱ्याच्या अक्षरात कोण घेईल?

व्हर्च्युअलबॉक्स बसलं, मशीन सुरू करायला गेलो तर 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', खाली त्रुटीचा क्रमांक, आरसी वजा १९०८. हा संदेश शोधला की नेटवर सापडेल ते टाका, काढा, परत टाका असे सल्ले मिळतात. ते करत बसलं की संध्याकाळ होते. हा संदेश फक्त इतकंच सांगतो की व्हीबॉक्सडीआरव्ही नावाचं मोड्यूल, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचा जोडभाग, कर्नलात, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यात, चढलं नाही. का चढलं नाही, ते डीकेएमएस या मोड्यूल बांधणाऱ्या प्रोग्रामच्या फोल्डरात मेक डॉट लॉगमध्ये लिहिलेलं असतं. तिथे स्पष्ट होतं: अपडेटमधून आलेला ६.५ कर्नल जीसीसी १२ या कंपायलरने, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या साधनाने, बांधलेला, आणि मशीनवर जीसीसी ११. कर्नलसोबत येणारा कंपायलरचा एक पर्याय अकराला ओळखताच येत नाही, म्हणून मोड्यूल बांधणं तिथेच अडलेलं. जीसीसी १२ उतरवायला घेतलं. नेट माझ्याच मोबाइलचं, आणि फोन खिडकीच्या गजात अडकवला तरच रेंज.

मोड्यूल बांधलं गेलं, पण चढेना. आता तक्रार किल्लीची: सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही चढू न देणारी सोय, चालू होतं. मुनीमजींना म्हटलं, तुमच्या काट्याला वजनमापेवाल्यांचं सील नसलं तर चालेल का? तसंच कर्नलात शिरणाऱ्या मोड्यूलवर सही लागते, आणि ज्या किल्लीने सही केली ती या मशीनला आधी ओळखीची करून द्यावी लागते. हे त्यांना लगेच पटलं. सिक्युअर बूट बंद केलं तरी भागतं, बरेच जण तेच करतात. पण ज्या मशीनवर लोकांचे पैसे ठरतात तिथे मला ते करवत नाही.

मॉकयुटिल या प्रोग्रामने किल्ली नोंदवली, तात्पुरता पासवर्ड दिला, रीस्टार्ट केलं आणि फोन नीट लावायला खिडकीकडे वळलो. किल्लीला मंजुरी विचारणारी निळी स्क्रीन आली. ती दहाच सेकंद थांबते, तेवढ्यात बटण दाबलं नाही तर निघून जाते. मुनीमजींनी बटण दाबलं खरं, पण पुढच्या मेनूत सर्वांत वर 'कंटिन्यू बूट' असतं, आणि त्यांनी अदबीने एंटर मारला. नोंद गेली. परत सगळं केलं. या वेळी कीबोर्ड माझ्या मांडीवर: एन्रोल मॉक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रीबूट. त्याच फेरीत बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशनही चालू केलं. व्हर्च्युअलबॉक्सला ६.१ पासून त्याच्याशिवाय चालताच येत नाही.

एक्सपीची हिरवी टेकडी दिसली तेव्हा हमालही खिडकीशी जमले होते. पण वजन येईना.

इंडिकेटरची सिरियल केबल नव्या मशीनला लावायला यूएसबीचा कन्व्हर्टर होता, सीएच३४० चिपचा, बाजारात मिळतो तो. मला वाटलं परवानगीचं असेल, म्हणून युजरला सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये घातलं, लॉगआउट-लॉगिन केलं. तरी पोर्टच दिसेना. कन्व्हर्टर काढून परत लावला आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, उघडलं. तिथे गंमत होती: टीटीवाययूएसबी० (कन्व्हर्टरला मिळालेलं नाव) जोडलं गेलं, आणि लगेच पुढच्या ओळींत बीआरएलटीटीवाय नावाच्या कोणीतरी ते हिसकावून घेतलं. हा प्रोग्राम अंध व्यक्तींच्या ब्रेल यंत्रांसाठी असतो. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप, हाच ओळख क्रमांक, त्यामुळे उबुंटू २२.०४ मध्ये असा कन्व्हर्टर लावला की तो त्याला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. प्रोग्राम चांगल्या कामाचा, पण काट्याच्या खोलीत त्याची गरज नव्हती. पॅकेज काढलं आणि पोर्ट टिकला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीचा सिरियल पोर्ट कॉम१ त्याला जोडला, सॉफ्टवेअरमध्ये बॉड रेट, म्हणजे माहिती येण्याचा वेग, २४०० होताच.

चौकीदाराला काट्यावर उभं केलं. इंडिकेटरवर ६०, एक्सपीत ६०. हमालांनी टाळ्या वाजवल्या, चौकीदार मात्र म्हणाला, "मी तर पासष्टचा हाव."

म्हाताऱ्यांची पावती छापली. त्यांनी चष्मा लावून ती वरून खाली वाचली आणि परत केली. "वजन बरोबर हाय जी. पण साडेदहाले तर मी घरीच होतो, जेवत होतो."

घड्याळात चार वाजले होते, पावतीवर १०:३०. साडेपाच तासांचा फरक म्हटलं की भारतात एकच संशय येतो. त्या तयार मशीनच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, अशी खूण होती आणि एक्सपी तीच वेळ इथली समजत होतं. खूण काढली, मशीन परत चालू केलं, दुसरी पावती दिली. त्यांनी ती पिशवीत नीट घडी करून ठेवली आणि पहिली माझ्यासमोर फाडायला लावली.

निघताना मुनीमजींनी विचारलं, "हे अपडेट मांगते घडीघडी, त्याचं काय करू?"

म्हटलं, होऊ द्या. नवा कर्नल आला की डीकेएमएस मोड्यूल पुन्हा बांधेल, आणि सही त्याच किल्लीने करेल, ती आता ओळखीची आहे. फक्त निळी स्क्रीन दिसली तर एंटर मारू नका, मला फोन करा. ते त्यांनी मॉनिटरला चिकटवायला मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.