हेदरला शिंगरू होईपर्यंत

हेदर आमच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तोवर एकदाही व्यायली नव्हती. क्लाइड्सडेल जातीची घोडी, खांद्याशी 173 सेंटीमीटर, वजन आठशे किलोच्या आसपास. तांबूस तपकिरी अंग, कपाळापासून ओठांपर्यंत पांढरा पट्टा, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि खुरांवर लांब केसांची झालर. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तिचं करणं झेपेनासं झालं होतं. विकताना त्यांनी एकच अट घातली, तिच्यापासून निदान एक नोंदणीचं शिंगरू घ्यायचं. मी हो म्हटलं. तो शब्द पाळायला तीन हंगाम लागले.

आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, साउथलंडमध्ये, गोर गावाजवळ राहतो. नवरा आणि मी दोघंही दुधाच्या फार्मवर काम करतो. माझं माहेर माणदेशात, आटपाडी तालुक्यातलं. आजोबा खिलार जनावरांची पैदास करायचे आणि दरवर्षी खरसुंडीच्या यात्रेला खोंडं घेऊन जायचे. खोंडाची आई कुठली, आजी कुठली, हे सगळं त्यांच्या तोंडात असे. हेदरबरोबर मला पाच पिढ्यांचा छापील कागद मिळाला तेव्हा मी तो भिंतीवर लावला आणि रोज बघत बसले.

या मुलखात ही घोडी आली कशी, तेही सांगायला हवं. 1853 मध्ये सरकारने मुरिहिकूची जमीन, म्हणजे जवळजवळ सगळं साउथलंड, नाय ताहू या माओरी जमातीकडून 2,600 पौंडांना घेतली. त्यांना दिलेली वचनं पुढे पाळली गेली नाहीत आणि त्या अन्यायाचा कायदेशीर निवाडा व्हायला 1998 उजाडलं. माझ्या कुरणाखाली ती जमीन आहे, म्हणून हे मला वगळता येत नाही. त्या जमिनीवर आलेले बहुतेक वसाहतवाले स्कॉटिश होते. क्लाइड नदीच्या खोऱ्यातला, लॅनार्कशरचा हा जड घोडा त्यांना घरचा. दलदल उपसायला, गवताळ माळ फोडायला आणि ओट्सची पोती ओढायला तोच लागे. त्या ओट्सवरच तो जगे. 1911 च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये चार लाखांवर घोडे होते. पुढे ट्रॅक्टर आला आणि ही पैदास थोड्या हौशी घरांपुरती उरली.

ज्यांच्याकडून हेदर घेतली, त्या शेजारच्या आजोबांचे वडील सहा घोड्यांचा नांगर हाकायचे. त्यांच्या लहानपणी वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात, एक मोतद्दार पैदाशीचा आंडील घोडा घेऊन पायी फिरायचा. आठवड्याचा रस्ता ठरलेला असे, सोमवारी या शेतावर, मंगळवारी पुढच्या. घोडी माजावर असेल तर तिथेच काम व्हायचं, नसेल तर पुढच्या फेरीला. मला आज तो घोडा शोधायला साडेपाचशे किलोमीटर जावं लागलं.

आणि जवळ घोडा नव्हता असंही नाही. तासाभराच्या अंतरावर एक सुरेख घोडा होता. पण मी दोघांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की त्याचा बाप आणि हेदरच्या बापाचा बाप एकच. नुसत्या तेवढ्या नात्याने शिंगराचं अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या रक्ताचं प्रमाण, 6.25 टक्के होतं. मागच्या पिढ्यांतली नाती धरली तर त्याहून जास्त. क्लाइड्सडेलच्या बाबतीत ही अडचण फार जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये 1877 साली या जातीची संस्था निघाली, लगेच पुढच्या वर्षी वंशावळीची पहिली वही छापली. त्या काळचे दोन घोडे, 1866 चा प्रिन्स ऑफ वेल्स आणि 1872 चा डार्नली, यांची संतती एकमेकांशी लावायची सगळ्यांनी सपाटाच लावला. कुठलाही कागद पुरेसा मागे नेला की या दोघांपाशी पोचतो. वहीत नाव असलं की जनावर शुद्ध, एवढंच मी धरून चालले होते. वहीबाहेरचं रक्त सहज घेता येत नसल्यामुळे आतली माणसं किती जपून चालतात, ते तेव्हा कळलं. आजोबा खोंडासाठी सात-आठ गावं पालथी का घालायचे, याचाही उलगडा झाला. लांबचं रक्त आणायचं, पण जात सोडायची नाही.

शेजारच्या आजोबांनी दुसरी गोष्ट शिकवली. आधी पाय बघ, म्हणाले, मग वर. खूर गोल आणि मोठा हवा, टाच उघडी हवी. मागचे पाय एकमेकांजवळ हवेत आणि ढोपरं किंचित आत वळलेली. मला हे पटायला वेळ लागला, कारण आमच्याकडे बैलाची मागची ढोपरं आत आली की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. पण हा घोडा सरीतून चालत नांगर ओढायचा. सरी अरुंद. पाय फाकून चालणारा घोडा पीक आणि सरी दोन्ही मोडतो.

शेवटी कँटरबरीतला एक घोडा निवडला. नातं पाचव्या पिढीपलीकडचं, पाय उत्तम. पहिल्या वर्षी, 2021 च्या वसंतात, थंड केलेलं वीर्य विमानाने मागवायचं ठरलं. ते चोवीस तासांत घोडीत जायला हवं, फार तर अठ्ठेचाळीस. पहिल्या खेपेला कुरिअरवाल्यांकडून डबा दुसऱ्याच गावाला गेला आणि पोचला तेव्हा उशीर झाला होता. एकवीस दिवसांनी दुसरा माज आला. या वेळी सगळं वेळेवर झालं, पण सोनोग्राफीत गर्भाशयात पाणी साचलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वय झाल्यावर पहिल्यांदा लावलेल्या घोडीत हे होतं. गर्भाशयाचं तोंड नीट सैल पडत नाही, आतली घाण बाहेर येत नाही. त्या वर्षी ती रिकामी राहिली. मी त्या दिवशी गोठ्यात बसून रडले. एवढ्या थोड्या घोड्या उरल्या असताना एकीचं वर्ष वाया जाणं मला फार लागलं.

2022 मध्ये हेदरलाच ट्रकमध्ये घालून कँटरबरीला नेलं. घोडेवाल्यांनी आधी दोघांमध्ये फळ्यांचं कुंपण ठेवून तिचा माज पारखला. 5 नोव्हेंबरला घोडा दिला. दुसऱ्या दिवशी गर्भाशय धुऊन काढलं, गर्भाशय आकसून आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं दिली. पंधराव्या दिवशी पडद्यावर एक काळा गोल दिसला. डॉक्टरांनी दुसरा आहे का, हे बराच वेळ शोधलं, कारण घोडीला जुळं म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही गेली. एकच होता. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यात धडधड दिसली.

पुढचे दहा महिने सांगण्यासारखं फार नाही. पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्यात हर्पिसची लस, शेवटी धनुर्वाताची. आमच्याकडचं रायगवत गायींसाठी वाढवलेलं, घोडीला ते फार गोड पडतं, खुरांना सूज येते. म्हणून तिला कोरड्या गवतावर ठेवलं आणि बरगडी हाताला लागेल इतपतच अंग राखलं. पायांच्या झालरीत किडे होतात, त्यासाठी दर आठवड्याला केस बाजूला करून कातडी बघत होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब जमले. मी रोज संध्याकाळी थोडं दूध काढून पट्टीवर कॅल्शियम तपासत होते. 11 तारखेला पट्टीचा रंग बदलला, म्हणजे वेळ जवळ आली. त्या रात्री मी गोठ्यातच अंथरूण टाकलं. 341 वी रात्र होती.

पावणेदोनला हेदर घामाने भिजली आणि आडवी झाली. पिशवी फुटली, पांढरट पडदा दिसला. लाल दिसला असता तर तो तिथल्या तिथे फाडायचा, कारण मग वार आधीच सुटलेली असते आणि आत शिंगरू गुदमरतं. ते मला इतक्या वेळा बजावलं होतं की हातात कात्री तयार होती. एक पाय आला, नाक आलं, दुसरा पाय मागेच. कोपर अडकलं होतं. डॉक्टरीणबाई फोनवर, पोचायला चाळीस मिनिटं. त्यांनी सांगितलं तसं कळ आली की तो पाय धरून हेदरच्या ढोपरांच्या दिशेने खाली ओढला, कळ थांबली की मीही थांबले. तिसऱ्या कळेला कोपर सुटलं. दोन वाजून बारा मिनिटांनी शिंगरू बाहेर. मादी.

तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत वार पडावी, असा हिशेब असतो. हिचे पाय एवढे लांब की चारदा उठली नि चारदा पडली. दीड तासाने उभी राहिली, पण सड सापडेना. अडीच तास झाले तेव्हा मी हेदरचा पाव लिटर चीक काढला. गायींच्या चिकाचा दाटपणा मोजायचं ब्रिक्सचं यंत्र घरात होतंच, त्यावर 26 आला. चांगला दाट चीक. बाटलीने पाजला आणि मग ती स्वतः शोधायला लागली. वार पडल्यावर आम्ही ती जमिनीवर पसरून गर्भाशयाच्या दोन फाट्यांतले तिचे भाग, म्हणजे दोन्ही शिंगं, आणि टोकं पुरी आहेत का पाहिली. तुकडा आत राहिला तर घोडी खुरांच्या सुजेने दोन दिवसांत पाय गमावते, कधी जीवही. वीस तासांनी शिंगराचं रक्त तपासलं. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं डेसिलिटरमागे 800 मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे पुरेशी होती. तेव्हा कुठे मी झोपले.

नोंदणी हे त्यामानाने सोपं, पण नेटाने करायचं काम. घोडेमालकाच्या सहीचं प्रमाणपत्र, मायक्रोचिप, आयाळीचे मुळांसकट उपटलेले केस डीएनएसाठी. केस कापून पाठवले तर उपयोग नाही, मुळातच सगळं असतं. मग घोड्याच्या छापील आकृतीवर पांढरे ठिपके आणि भोवरे काढायचे. भोवरे! आजोबा खोंड घ्यायच्या आधी भोवरा कुठे आहे ते बघायचे, शुभ की अशुभ. इथे भोवरा म्हणजे ओळख, बोटाच्या ठशासारखी. मी आकृतीत तिच्या कपाळावरचा एक आणि मानेवरचे दोन काढले.

पैदासकाराचं नाव म्हणून मी ‘माणगंगा’ लिहिलं आणि शिंगराचं नाव शेजारच्या आजोबांना ठेवायला सांगितलं. त्यांनी आपल्या वडिलांच्या नांगरातल्या पुढच्या घोडीचं नाव दिलं. माणगंगा बेस. दाखला आला त्या दिवशी ते काठी टेकत आले, कागद दोनदा वाचला आणि बेसचा पुढचा उजवा पाय उचलून खूर पाहिलं.

हेदर आता पुन्हा लावायची आहे. या वेळी वेगळ्या रक्ताचा घोडा हवा, कारण बेसलाही पुढे जोडीदार लागेल. भिंतीवर आता तीन कागद आहेत आणि मी पुन्हा आज्या-पणज्या शोधत बसले आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचा ट्रक सांगून ठेवला आहे.