भिंतीवरचं टक्कल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी आपणहून हा विषय काढत नाही, कारण काढला की समोरच्याचा चहा गार होतो.

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक चौकोनी फ्रेम आहे. तिच्यात एका माणसाचं टक्कल आहे. वरून काढलेला फोटो, तुकतुकीत, जवळजवळ फ्रेमभर. घरात येणारा प्रत्येक जण दोन मिनिटांत विचारतो, "हे कोण?" कुरिअरवाल्यानंही विचारलंय. बायकोच्या मावशींनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आधी हात जोडले आणि मग हळूच विचारलं, "कुठले महाराज?"

महाराज नव्हेत. अमेरिकेतल्या मेम्फिसचा गायक-संगीतकार आयझॅक हेज. १९६९ साली निघालेल्या 'हॉट बटर्ड सोल' या त्याच्या रेकॉर्डचं ते कव्हर. मला ते पुण्यातल्या जुन्या बाजारात मिळालं. घरी येऊन बघतो तर आत नाट्यगीतांची तबकडी. विकणाऱ्याला काय बोलणार, आत डोकावायचं मलाच सुचलं नव्हतं. गाणी पुढे दुसरीकडून मिळवली, कव्हर मात्र फ्रेम करून टाकलं.

ज्यांची माझी ओळख कामातून आहे, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "दुसऱ्यांसाठीच किती दिवस करणार? स्वतःचं कधी?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या टकलातच आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मी जिंगल करतो, गणेश मंडळांची गाणी करतो, निवडणुकीत प्रचारगीतं करतो. एकदा एकाच प्रभागातल्या दोन्ही उमेदवारांची गाणी मीच केली. चाली वेगळ्या होत्या, विशेषणं तीच. चाल बसली की स्क्रॅच मी गातो, म्हणजे गायकाला अंदाज यावा म्हणून कच्चं गाऊन ठेवायचं. मग खरा गायक येतो, हेडफोनमध्ये माझा आवाज ऐकत ऐकत गातो, आणि ते झालं की माझा ट्रॅक पुसतात. पंचवीस वर्षं मी असा पुसला जातोय. याचं मला फार वाईट वाटतं असं लोकांना वाटतं.

आता हेज. टेनेसी राज्यातल्या कव्हिंग्टनचा, जन्म १९४२ चा. आई लहानपणीच गेली, बाप घर सोडून गेला, आजी-आजोबांनी वाढवलं. ते दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे, आणि कापूस वेचायला हा नातूही असायचा. पुढे मेम्फिसला आले. शाळा सुटली, पुन्हा धरली, विसाव्या वर्षाच्या आसपास कशीबशी पुरी झाली. मग दिवसा मांसाच्या कारखान्यात काम आणि रात्री क्लबमध्ये पियानो, ऑर्गन, सॅक्सोफोन, जे पुढे येईल ते. शिकवायला कोणी नव्हतं.

मेम्फिसच्या मॅकलेमोर अव्हेन्यूवर एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी तिथे रेकॉर्ड कंपनी थाटली. दोघांच्या आडनावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव ठेवलं, स्टॅक्स. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहू दिला. बहिणीनं बाहेर, खाऊच्या स्टॉलच्या जागी, रेकॉर्डचं दुकान काढलं. मला हे फार आवडतं. पोरं दुकानात काय मागतात ते कानावर पडायचं आणि आत लगेच पोचायचं.

या कंपनीचा ऑर्गनवाला बुकर टी. जोन्स कॉलेजसाठी इंडियानाला गेला होता. त्याची जागा भरायला १९६४ च्या सुमारास हेजला बोलावलं. म्हणजे स्टॅक्समधली त्याची एंट्रीच बदली कामगार म्हणून.

समोरच्या किराणा दुकानात डेव्हिड पोर्टर नावाचा मुलगा कामाला होता, त्याला गाणी लिहायची होती. त्या दोघांची जोडी जमली आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी मिळून दोनशेच्या आसपास गाणी केली. शब्द मुख्यतः पोर्टरचे, चाल आणि वाजवणं हेजचं. हेजला नोटेशन लिहिता येत नसे. ट्रंपेट-सॅक्सोफोनवाल्यांना तो त्यांचे तुकडे तोंडानं गाऊन दाखवायचा. आमच्याकडेही कितीतरी चाली अशाच पोचतात, फक्त आता व्हॉट्सॲपवर.

यातली सगळ्यात गाजलेली गाणी सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर या जोडगोळीसाठी केलेली. 'होल्ड ऑन, आय ॲम कमिंग' हे १९६६ चं गाणं कसं सुचलं, ते ऐका. पोर्टर संडासात गेलेला, हेज पियानोवर बसून बाहेरून घाई करतोय. आतून उत्तर आलं, थांब जरा, येतोय. मुखडा तयार! ऐकताना वाटतं, काय आश्वासन आहे, काय धीर आहे. पोर्टर तसाच धावत बाहेर आला म्हणतात. पुढच्या वर्षी डेट्रॉइटमध्ये दंगल पेटली. टीव्हीवर हेजनं पाहिलं की काळ्या लोकांनी आपल्या दुकानांवर 'सोल' असा शब्द लिहून ठेवलाय, म्हणजे जाळणाऱ्यांनी ते दुकान सोडून पुढे जावं. त्यातून 'सोल मॅन' आलं. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि ग्रॅमी सॅम आणि डेव्ह यांना मिळालं. ते बरोबरच आहे, गायले ते.

पण हेज कुठे होता? रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर, गाण्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात 'हेज-पोर्टर'. आपल्याकडे निदान आकाशवाणीची निवेदिका गीत कोणाचं, संगीत कोणाचं आणि स्वर कोणाचा हे तिन्ही सांगायची. त्याच्याही आधीपासून आपल्या संतांनी सोय करून ठेवलेली. कोणीही गावं, कुठेही गावं, शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येणारच. हेजला ही सोय नव्हती.

मग एकामागून एक घाव बसत गेले. डिसेंबर १९६७ मध्ये स्टॅक्सचा सगळ्यात मोठा गायक ओटिस रेडिंग विमान तळ्यात कोसळून गेला. बरोबर बार-केज या बँडची बहुतेक पोरंही गेली. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्येच, लोरेन मोटेलच्या बाल्कनीत मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. हे मोटेल म्हणजे स्टॅक्सच्या लोकांची नेहमीची बसायची जागा. गोरे आणि काळे एका खोलीत बसून गाणी बांधू शकतील अशा जागा त्या गावात किती असणार? त्यानंतर बराच काळ हेजला काही सुचेना. त्याच सुमारास लक्षात आलं की वितरक कंपनीशी केलेल्या जुन्या करारानुसार स्टॅक्सच्या आजवरच्या ध्वनिमुद्रणांची मालकी त्या कंपनीकडे आहे. सॅम आणि डेव्हही मूळचे त्या कंपनीचेच, ते परत गेले. थोडक्यात, ज्यांच्यासाठी लिहायचं तेच उरले नाहीत.

कंपनीचा सूत्रधार अल बेल यानं ठरवलं की गेलेली गंगाजळी एका झटक्यात भरून काढायची. १९६९ मध्ये एकदम २७ अल्बम. जो दिसेल त्याला रेकॉर्ड करायला सांगितलं, त्यात हेजलाही. त्याचा आधीचा एक अल्बम सपशेल पडलेला होता, त्यामुळे त्याच्याकडून कोणाची फार अपेक्षा नव्हती. त्यानं अट घातली, मला हवं तसंच करीन. आणि बाकीचे २६ आहेतच की ओझं उचलायला, हा नाही चालला तर नाही चालला, अशा मनानं तो कामाला लागला.

त्या अल्बममध्ये मोजून चार गाणी. एक १२ मिनिटांचं, एक १८ मिनिटांहून मोठं. रेडिओवर तेव्हा तीन मिनिटांचं गाणं चाले. आणि खरी गंमत पुढे आहे, ज्यासाठी मी कव्हर भिंतीवर टांगलंय. दोनशे गाण्यांचा धनी असलेल्या या माणसानं स्वतःच्या नावाचा झेंडा लावायची वेळ आली तेव्हा चारपैकी तीन गाणी दुसऱ्यांची घेतली. १२ मिनिटांचं 'वॉक ऑन बाय' बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचं, डिऑन वॉरविकनं १९६४ मध्येच गाजवलेलं. १८ मिनिटांचं 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' जिमी वेबचं, ग्लेन कॅम्पबेलनं गायलेलं.

हे फीनिक्सचं गाणं तसं छोटं. एक माणूस आपल्या बाईला सोडून गाडीनं निघालाय आणि वाटेतल्या गावागावात विचार करतोय, आता ती उठली असेल, आता कामावर असेल. हेजनं ते आधी मेम्फिसच्या एका क्लबमध्ये गायलं. लोक पीत होते, गप्पा मारत होते, ऐकत कोणी नव्हतं. त्यानं वादकांना सांगितलं, पहिला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे पहिले सूर, धरून ठेवा, सोडू नका. आणि त्या एका कॉर्डवर तो बोलायला लागला. हा माणूस कोण, टेनेसीच्या डोंगराळ भागातून तिकडे कसा गेला, बायको कशी भेटली, तिनं काय केलं. मूळ गाण्यात फक्त एवढंच आहे की हा याआधीही बऱ्याचदा तिला सोडून निघाला होता. हेजनं त्या अर्ध्या ओळीचं आख्यान केलं. सात वेळा गेला, सात वेळा परत आला. हळूहळू क्लब गप्प झाला.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इंग्रजी अर्धंच कळलं, पण प्रकार लगेच ओळखला. हे निरूपण आहे! बुवा अभंग धरतात, एका चरणावर थांबतात, टाळ नुसता ठेका धरून राहतो, बुवा प्रपंचाच्या गोष्टी सांगत सांगत लोकांना रडवतात आणि मग नेमक्या क्षणी तोच चरण परत उचलतात. अभंग तुकोबांचा, पण ती रात्र बुवांची असते. अठरातली जवळपास निम्मी मिनिटं हेज बोलतच असतो. खालून ऑर्गन आणि ड्रम्स, वाजतात की नाही इतके हलके.

अल्बम तुफान चालला. पॉपच्या यादीत आठवा, जॅझच्या यादीत पहिला. जॅझवाल्यांनी त्याला जॅझ का म्हणावं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

'शाफ्ट'चं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं किंवा ऐकवल्यावर "अरे, हे होय!" म्हणतात. १९७१ चा सिनेमा. हेजला खरं तर नायकाची भूमिका हवी होती, मिळालं संगीत. ड्रम्समधल्या हाय-हॅट झांजांची ती टिकटिक, चार्ल्स पिट्सची 'वा-वा' असा आवाज काढणारी गिटार, आणि बराच वेळ गाणारा तोंडच उघडत नाही. गाणं नोव्हेंबरात पहिल्या क्रमांकावर गेलं, एप्रिल १९७२ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. गाण्यासाठीचं ऑस्कर घेणारा तो पहिला काळा माणूस. समारंभाला आजीला घेऊन गेला होता. कापूस वेचणारी आजी!

त्याच वर्षी त्यानं मोरपंखी निळी कॅडिलॅक घेतली, सोन्याचा मुलामा आणि आत फरचं अस्तर. ती आता स्टॅक्सच्या जागी उभारलेल्या संग्रहालयात असते, कारण तिच्या मालकाचं दिवाळं निघालं. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्स बुडाली, १९७६ मध्ये हेज. कर्ज साठ लाख डॉलरच्या वर. घर गेलं, वस्तू गेल्या, आणि तोवर लिहिलेल्या, गायलेल्या गाण्यांचं पुढे येणारं मानधनही गेलं. म्हणजे त्या बारीक अक्षरातल्या नावाचे पैसेसुद्धा.

आणि मग? त्यानं दुसऱ्यांसाठी पुन्हा गाणं केलं. १९७९ चं 'देजा वू', चाल हेजची, शब्द एड्रियन अँडरसनचे, गायली डिऑन वॉरविक. जिच्या गाण्यावर स्वार होऊन हा मोठा झाला, तिच्यासाठीच. ग्रॅमी तिला मिळालं.

तर "स्वतःचं कधी?" याचं माझं उत्तर हे आहे. तुम्हाला वाटतं माझ्या कपाटात स्वतःच्या गाण्यांची वही आहे आणि मी धीर होत नाही म्हणून ती बाहेर काढत नाही. तशी वही आहे. फारशी चांगली नाही. दोनशे गाणी हाताशी असूनही हेजनं आपली वही उघडली नाही, तो दुसऱ्याच्या गाण्यात एका कॉर्डवर थांबला. कुठल्या कॉर्डवर थांबायचं, ते मला अजून सापडलेलं नाही. शोधतोय. गेल्या महिन्यात एका स्क्रॅचमध्ये मी मुखड्याआधी उगाच चार ओळी बोललो. गायकानं विचारलं, हे पण घ्यायचं का? मी नको म्हटलं.

मागच्या दिवाळीत मावशी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "लाव तरी तुझ्या या महाराजांचं काहीतरी." मी फीनिक्स लावलं. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" म्हटलं, होईल, हे आधीचं आख्यान आहे. मग तो बोलत होता आणि मी त्यांना मराठीत सांगत होतो, कामावरून लवकर घरी आला, घरात दुसराच माणूस, सात वेळा गेला, सात वेळा परत आला. त्यांनी लाडू बशीत तसाच ठेवला. शेवटी तो गायला लागला, व्हायोलिनं चढली, ब्रास चढला, अठरा मिनिटं संपली. मावशींनी भिंतीकडे एकदा बघितलं.

"सातदा आला ना परत? मग आठव्यांदाही येईल," त्या म्हणाल्या आणि लाडू उचलला.