सर्नच्या दुकानातला मग आणि माझी 23 किलोची बॅग

मुंबई विमानतळावर बॅग 25 किलो भरली. मर्यादा 23ची. भाचीसाठी नेत असलेल्या भाजणीच्या दोन पिशव्या काढून खांद्याच्या झोळीत कोंबल्या, तेव्हा कुठे काउंटरवरची मुलगी हसली.

जिनिव्हाच्या मुख्य स्टेशनापासून 18 नंबरची ट्राम थेट सर्नच्या, म्हणजे कणभौतिकीच्या युरोपीय प्रयोगशाळेच्या, दारात सोडते. भाची सोबत होती. ती भौतिकशास्त्र शिकते, मी बँकेतून निवृत्त. उतरलं की समोर भलामोठा लाकडी गोल, आणि जमिनीखाली शंभरेक मीटरवर कण एकमेकांवर आदळवायचा 27 किलोमीटर घेराचा बोगदा. वर मात्र शेतं नि द्राक्षमळे. बोगदा काही बघायला मिळाला नाही, प्रदर्शनावर समाधान मानलं. ते फुकट आहे आणि छान आहे.

पण मी जास्त वेळ रमले ते दुकानात. तिथल्या एका मगावर मूलभूत कणांचे नियम सांगणारं चार ओळींचं समीकरण छापलंय. भाचीने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मावशी, इलेक्ट्रॉनला, प्रोटॉनच्या आतल्या क्वार्कना वस्तुमान मिळतं ते इथून, सगळीकडे पसरलेल्या हिग्ज क्षेत्रामुळे. डब्ल्यू आणि झेड नावाच्या कणांना चौथ्या ओळीतून."

"म्हणजे त्या क्षेत्रातून जाणं काकवीतून चालल्यासारखं ना?" कुठेतरी वाचलेलं मी ठोकून दिलं.

"काकवी विसर गं. काकवीत गोटी अडून थांबते. हिग्ज क्षेत्र कुणाला अडवत नाही, एका वेगाने चाललेला इलेक्ट्रॉन तसाच जात राहतो. हे क्षेत्र रिकाम्या जागेतही शून्य नसतं. ज्या कणाचे त्याच्याशी जितके लागेबांधे, तितकं त्याचं वस्तुमान. टॉप क्वार्कचे सगळ्यात जास्त. प्रकाशकणाचे नाहीतच, म्हणून तो बिनवस्तुमानी."

हे कागदावर मांडलं गेलं 1964 साली, आणि त्या क्षेत्राचा कण सापडल्याचं इथे जाहीर झालं 4 जुलै 2012 रोजी. 48 वर्षं! आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा त्यापेक्षा लवकर लागली.

"मग माझी 23 किलोची बॅग हिग्जमुळे जड?"

"त्यातलं जेमतेम पावशेर!"

मी बघतच राहिले. बॅगेचं जवळजवळ सगळं वजन प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं, आणि प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची वस्तुमानं जोडली तर त्याच्या एका टक्क्याच्या आसपासच भरतात म्हणे. उरलेलं सगळं म्हणजे आत कोंडलेल्या क्वार्कांची आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन कणांची ऊर्जा. मग एवढा खटाटोप पावशेरासाठी? तर ते काढून घेतलं की इलेक्ट्रॉनही बिनवस्तुमानी होतो, अणूच बांधला जात नाही, आणि बॅगही उरत नाही.

तो मग विकत घेतला. भाजणी भाचीकडे उतरली होती, तेव्हा परतीला वजनाची चिंता नव्हती.