आईची पपई आणि माझा फ्लू

दिवाळीनंतर आईने सहकारनगरहून फोटो पाठवला. परसातल्या पपईच्या फळावर कड्याच कड्या, ओली बांगडी टेकवून उचलावी तशा. खाली प्रश्न: "हे काय गं? आणि आपल्याला होतं का?"

निदानाला दोन सेकंदही लागले नाहीत. पीएचडीची पाच वर्षं याच कड्यांमध्ये गेली माझी. पपईचा रिंगस्पॉट, विषाणूमुळे होणारा रोग. नंतर मी फ्लूच्या संशोधनाकडे वळले, तेव्हा एक मावशी म्हणाली होती, "बरं झालं, आता माणसांचं काहीतरी करशील." (आधी मी काय करत होते, हे तिला अजून सांगायचंय.)

रविवारी गेले. शेंड्याची पानं दोऱ्यासारखी आक्रसलेली, देठांवर तेलकट रेघा. आईने दोनदा निंबोळी अर्क मारला होता. म्हटलं, उपयोग नाही. मावा येतो, पानात सोंड खुपसून चव बघतो आणि उडून जातो. तेवढ्या काही सेकंदांत विषाणू झाडात उतरलेला असतो. औषध बाधायच्या आत मावा आपलं काम उरकतो.

"मग झाडाला प्रतिकारशक्ती नसतेच का?"

आई निवृत्त गणिताची शिक्षिका. अर्धवट उत्तराला ती अजूनही मार्क कापते, त्यामुळे चहा ठेवून सविस्तर सांगायला बसले. झाडाकडे अँटिबॉडी नाहीत, पण कात्री आहे. विषाणू आपल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय मजकुराच्या, प्रती काढायला लागला, की मध्येच दुहेरी धागा तयार होतो. निरोगी पेशीला इतका लांब दुहेरी धागा सहसा लागत नाही, म्हणून झाड त्यावरून चोर ओळखतं. डायसर नावाचं प्रथिन त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे पाडतं, आणि तेच तुकडे नमुन्यादाखल हातात घेऊन दुसरं प्रथिन उरलेल्या प्रती शोधतं आणि कापतं. चोराच्याच फोटोवरून चोर पकडायचा.

"मग आपली पपई का आजारली?"

कारण चोरही तयारीने येतो. रिंगस्पॉटच्या विषाणूकडे एचसी-प्रो नावाचं प्रथिन असतं. ते हे तुकडे धरून ठेवतं. म्हणजे पोलिसांच्या हातातले फोटोच काढून घेतं.

फ्लूकडे वळल्यावर मी पहिल्यांदा एनएस१ या फ्लूच्या विषाणूच्या प्रथिनाबद्दल वाचलं आणि खुर्चीत सरळ बसले. माणसाच्या पेशीही दुहेरी धाग्यावरून विषाणू ओळखतात, फक्त कात्रीपेक्षा आपली भिस्त जास्त करून इंटरफेरॉनवर. आयझॅक्स आणि लिंडनमन यांना ते १९५७ साली सापडलं. ते शेजारच्या पेशींना सावध करतं. आणि फ्लूचं एनएस१ काय करतं, तर दुहेरी धाग्याला चिकटून तो झाकतं. तीच हातचलाखी! २००४ साली संशोधकांनी हे एनएस१ तंबाखूच्या कुळातल्या एका झाडाच्या पानात घालून पाहिलं, तर तिथेही झाडाची कात्री बोथट झाली. फ्लूला आयुष्यात कधी पान दिसलेलं नसतं, तरी.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तू विषय बदललाच नाहीस."

रिंगस्पॉटवर उपाय झाला तो हवाईत. १९९२ साली तिथल्या पपईच्या मुख्य पट्ट्यात रिंगस्पॉट शिरला आणि बागा बसायला लागल्या. त्या पट्ट्याचं नाव पुना. (खरंच. नकाशा काढून दाखवावा लागला.) डेनिस गोन्साल्विस यांच्या गटाने विषाणूच्या कवचाचं जनुकच पपईत घातलं. चोराचा फोटो चोरी व्हायच्या आधीच चौकीत लागला. १९९८ साली ते बियाणं शेतकऱ्यांच्या हातात पडलं. आपल्या परसात अर्थात ते नाही, त्यामुळे झाड मंगळवारी तोडायचं ठरलं.

"फळं खायला चालतील?"

"चालतील. हा विषाणू माणसाला होत नाही. गोड मात्र लागणार नाहीत."

तिने एक कच्ची पपई किसायला घेतली, दाण्याचं कूट, लिंबू, दोन हिरव्या मिरच्या. मिरच्या बघून मला राहवलं नाही. ढोबळ्या नि तिखट मिरचीवर एक विषाणू असतो, पेपर माइल्ड मॉटल. तो आपल्या पोटातून तसाच्या तसा खाली जातो. २००६ साली विष्ठेच्या एका ग्रॅम कोरड्या वजनात त्याचे अब्जभर कण सापडले होते. कोविडच्या काळात जगभर सांडपाणी तपासताना त्यात माणसाचा वाटा किती, हे याच मिरचीच्या विषाणूवरून ठरवत होते...

"पुढचं जेवण झाल्यावर सांग," आई म्हणाली, आणि तिसरी मिरची चिरली.